चार रंगांचे दहा रंग

मुलांनो, घरातलं एखादं चौकडीचं कापड शोधून आणा बरं. शाळेचा चौकडीचा शर्ट किंवा फ्रॉक चालेल, बाबांची लुंगी चालेल, आजीचं चौकड्याचं लुगडं मिळालं तर फारच छान. (लुगडं मात्र आजीला विचारूनच!) ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्यांना फार शोधावंही लागणार नाही. कोळी आजोबा कमरेला बांधतात तो चौकडीचा रुमाल आजच्या कामाला अगदी झकास आहे.

मिळालं? आता खिडकीशी, भरपूर उजेडात या आणि कापडावर रंग किती आहेत ते मोजा.

समजा, लाल-पांढरी चौकडी आहे. तुम्ही म्हणाल, दोन रंग. पुन्हा बघा. काही चौकोन गच्च लाल आहेत, काही पांढरेशुभ्र आहेत आणि काही चक्क गुलाबी आहेत. झाले की तीन! आता कापडाच्या कडेचा एक धागा हळूच ओढून काढा. तो लाल निघेल, नाहीतर पांढरा निघेल. सगळं कापड उसवलंत (उसवू नका हं!), तरी गुलाबी धागा एकही सापडणार नाही. मग हा गुलाबी आला कुठून?

थांबा, त्याआधी एक तपासणी करू. तुमची चौकडी खरी आहे ना? काही कापडांवर चौकडी नुसती छापलेली असते. ओळखायचं कसं? एक म्हणजे कापड उलटं करा. छापील चौकडी मागून फिकट दिसते, विणलेली दोन्हीकडून सारखीच दिसते. दुसरी खूण त्याहून पक्की. ओढून काढलेला धागा नीट बघा. छापील कापडाचा धागा मधेच लाल, मधेच पांढरा असा ठिपक्याठिपक्यांचा असतो, कारण रंग नंतर वरून बसलाय. विणलेल्या चौकडीचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाचा असतो. तुमचा धागा एकरंगी निघाला? मग पुढे चला.

कापडात धागे दोन तऱ्हेचे असतात. मागावर आधी उभे ताणून बसवतात तो ताणा. त्यातून आडवा जातो तो बाणा. बाण्याचा धागा घेऊन ताण्याच्या मधून इकडून तिकडे धावतो तो धोटा. भिवंडीत कोणी नातेवाईक असतील तर यंत्रमागाचा खटखटाट तुम्ही ऐकलाच असेल. साधं एकरंगी कापड विणायला एक धोटा पुरतो. आडव्या पट्ट्यांना दोन-तीन रंग हवे असतील, तर प्रत्येक रंगाचा धोटा वेगळा लागतो आणि ठरलेले धागे मोजून झाले की धोटा बदलावा लागतो.

आता गुलाबी चौकोनाकडे भिंगातून बघा. तिथे ताणा लाल आहे आणि बाणा पांढरा, किंवा त्याच्या उलट. एक धागा लाल, एक पांढरा, पुन्हा लाल, पुन्हा पांढरा. ते इतके बारीक आणि इतके जवळजवळ आहेत की लांबून डोळ्याला ते वेगवेगळे दिसतच नाहीत, आणि डोळा आपला सांगून मोकळा होतो, "गुलाबी!"

मग तीन रंगांचे धागे घेतले तर? लाल, पांढरा, निळा घ्या. लाल लालला भेटला की लाल. तसाच पांढरा आणि निळा. हे झाले तीन. शिवाय लाल-पांढरा, पांढरा-निळा, लाल-निळा हे तीन मिश्र. एकूण सहा. आता चौथा रंग आणा, हिरवा. तो आधीच्या तिघांना भेटणार आणि स्वतःलाही भेटणार, म्हणजे चार नवे रंग मिळणार. सहा आणि चार दहा! पाचवा आला की पाच नवे, एकूण १५. सहावा आला की २१. दुकानातून आणले सहाच रंगांचे धागे आणि कापडावर उमटले २१ रंग. सात रंगांचे किती, ते आता तुम्ही मला सांगा.

हे गणित तुम्हाला हातानंही करून बघता येईल. घोटीव कागदाच्या चार रंगांच्या पट्ट्या कापा. काही उभ्या मांडा आणि तोच क्रम ठेवून बाकीच्या आडव्या विणा, एक वर, एक खाली. पट्ट्या जितक्या बारीक कापाल तितकी मजा जास्त येईल. विणून झालं की ती चटई भिंतीला चिकटवा आणि मागे मागे सरका.

आपला ठाणे जिल्हा हा कापडाचा जिल्हा आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका प्रवाशानं ग्रीक भाषेत पुस्तक लिहिलं. त्यात कल्याण बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात कापडाची नोंद आहे. हो, कल्याण हे बंदर होतं! तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनंही ठाण्याच्या व्यापाराबद्दल लिहिताना सुती कापडाचा उल्लेख केला. आणि १९२५ साली ठाण्यात, जिथे जानेवारीतसुद्धा स्वेटर कपाटातच राहतो, तिथे चक्क लोकरी कापडाची गिरणी सुरू झाली. तीच पुढे रेमंड म्हणून देशभर ओळखली गेली. आज भिवंडीत माग चालतात, उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात. म्हणून मला वाटतं, कापडातलं विज्ञान इथल्या मुलांनी नाही शिकायचं तर कोणी शिकायचं?

पण चौकडीवर जगात सर्वांत जास्त जीव कोणी लावला असेल, तर तो स्कॉटलंडच्या लोकांनी. नकाशात ब्रिटनचं बेट बघा. त्याचा वरचा, डोंगराळ, थंड आणि पावसाळी भाग म्हणजे स्कॉटलंड. लोकसंख्या साधारण ५५ लाख. पालघर वेगळा होण्याआधी आपल्या एकट्या ठाणे जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, १ कोटी १० लाख माणसं होती. म्हणजे स्कॉटलंडच्या दुप्पट!

एवढ्याशा देशाची चौकडी जगभर पोचली आहे. तिचं नाव टार्टन. टार्टनमध्ये एक शिस्त असते. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम, तोच आडव्या धाग्यांत. आणि बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम एका टोकाला पोचला की तसाच उलटा परत येतो. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटं वाचून बघा, 'य' पाशी वळून ते जसं परत येतं, तसाच. लाल आठ धागे, हिरवे चार, पिवळे दोन, मग पुन्हा हिरवे चार, लाल आठ. क्रम असा आकड्यांत लिहून ठेवला की जगातला कुठलाही विणकर तुमच्या मनातलं कापड जसंच्या तसं विणू शकतो.

टार्टनची वीणही आपल्या कागदी चटईपेक्षा वेगळी असते. त्यात धागा दोन धाग्यांवरून जातो आणि दोन धाग्यांखालून जातो. पुढच्या ओळीत हीच उडी एक धागा बाजूला सरकते, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी एक. त्यामुळे कापडावर बारीक तिरक्या रेषा उमटतात. जवळची जीन्स बघा, तिच्यावरही तिरक्या रेषा आहेत की नाही? जीन्समध्ये उभा निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाच धाग्याखालून. म्हणून वरच्या बाजूला निळा जास्त दिसतो आणि पाय दुमडला की आतून पांढरट! उल्हासनगरात शिवलेली जीन्स असो की अमेरिकेत, हिशोब हाच.

स्कॉटलंडचे पुरुष या टार्टनचा किल्ट नेसतात. तो कमरेपासून गुडघ्यापर्यंत येतो आणि त्याला मागे चुण्याच चुण्या असतात. त्या चुण्यांमुळे चांगल्या पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागतं. आपल्या आजीचं लुगडं नऊवारी, त्यांच्या आजोबांचा किल्ट आठवारी!

स्कॉटलंडमधलं आतापर्यंत सापडलेलं सर्वांत जुनं खरं टार्टन कुठे मिळालं असेल? चिखलात! ग्लेन अफ्रिक नावाच्या दरीत सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पीटमध्ये एक अर्ध्या मीटरचा तुकडा हाती लागला. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदलीतली माती. तिच्यात ऑक्सिजन फार कमी असतो, त्यामुळे कापड कुजवणाऱ्या जिवाणूंचं तिथे काही चालत नाही. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासणीचे निष्कर्ष सांगितले : कापड साधारण १५०० ते १६०० या काळातलं, आणि रंग हिरवा, तपकिरी आणि बहुधा लाल व पिवळा. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता, तेव्हा हे टार्टन कुणाच्या तरी अंगावर होतं!

आता एक दुखरी गोष्ट. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेला कलोडन इथे मोठी लढाई झाली. डोंगराळ भागातली बरीच घराणी राजाविरुद्ध लढली आणि हरली. (१६ एप्रिल ही तारीख ठाणेकरांनी विसरायचीच नाही. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे आली.) लढाईनंतर सरकारनं कायदाच केला की, डोंगराळ भागातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी किल्ट नेसायचा नाही, टार्टनचा कोट घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी! कपड्यांसाठी! सूट फक्त सरकारी सैन्यात भरती झालेल्यांना. एखाद्या माणसाला त्याचे रोजचे कपडे घालायला बंदी करणं किती जिव्हारी लागत असेल, विचार करा. हा कायदा १७८२ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षं टिकला.

पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्याच्या स्वागताचा थाट लेखक वॉल्टर स्कॉट यांनी मांडला होता. त्यांनी सगळ्यांना टार्टन घालून यायला सांगितलं आणि राजा स्वतःही किल्ट नेसून मिरवला. बंदी असलेलं कापड एकदम मानाचं झालं! 'अमुक घराण्याचं अमुक टार्टन' ही पद्धत आपल्याला खूप प्राचीन वाटते, पण त्यातली बहुतेक नमुन्यांची वाटणी या काळातली आहे. त्याआधी ज्या गावात ज्या झाडापाल्यांचे रंग मिळत आणि विणकराच्या मनाला जे येई, तसं कापड व्हायचं. मला ही जुनी पद्धतच जास्त आवडते.

आज स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही आहे. ती २००९ मध्ये सुरू झाली आणि जगातला कोणीही नवा नमुना बनवून तिच्यात नोंदवू शकतो. एक टार्टन तर चंद्रावर जाऊन आलंय. १९६९ मध्ये अपोलो-१२ मधून गेलेल्या ॲलन बीन यांनी आपल्या मॅकबीन घराण्याच्या टार्टनचा तुकडा बरोबर नेला होता. आणि आपल्याकडे? बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. या रेजिमेंटच्या पाइप बँडमध्ये स्कॉटलंडचंच वाद्य वाजतं, बॅगपाइप. कधी संचलन बघायला मिळालं, तर भारतीय लष्करातल्या बॅगपाइपवाल्यांच्या पोशाखाकडे नीट लक्ष द्या. पुष्कळांच्या खांद्यावर चौकडी दिसेल.

आता परत गुलाबीकडे येऊ, कारण खरी गंमत अजून राहिलीच आहे.

डोळा धाग्यांना फसतो कुठे? एक-एक मिलिमीटर अंतरावर आखलेल्या रेषा चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण साडेतीन मीटरपर्यंत वेगवेगळ्या दिसतात. त्यापलीकडे त्या एकमेकींत मिसळतात. अर्ध्या मिलिमीटरच्या धाग्यांना पावणेदोन मीटर पुरतात. म्हणून समोरच्या फलाटावरच्या काकांचा चौकडीचा शर्ट राखाडी दिसतो आणि ते आपल्या डब्यात शेजारी येऊन बसले, की त्यात काळा धागा वेगळा आणि पांढरा वेगळा दिसतो.

अशी मिसळण रंगपेटीतल्या मिसळणीसारखी मात्र नसते. निळा आणि पिवळा मिसळला की काय होतं? "हिरवा!" असं तुम्ही ओरडलात ना? रंगपेटीत बरोबर. पण पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर अर्धा निळा आणि अर्धा पिवळा कागद चिकटवा, मधून काडी खुपसून भोवरा करा आणि जोरात फिरवा. हिरवा येणार नाही! राखाडीसर काहीतरी दिसेल. कारण पेटीतला प्रत्येक रंग प्रकाशातला काही भाग गिळून टाकतो. निळा आणि पिवळा दोघांनी मिळून गिळल्यावर हिरवा तेवढा उरतो. भोवऱ्यात, आणि चौकडीतसुद्धा, कोणी कोणाचं गिळत नाही. दोन्हींकडून येणारा प्रकाश डोळ्यात एकत्र होतो.

हा भोवऱ्याचा प्रयोग मोठ्या काटेकोरपणे केला तो स्कॉटलंडच्याच एका तरुणानं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल, जन्म १८३१, गाव एडिंबरो. लहानपणी दिसेल त्या वस्तूबद्दल 'हे चालतं कसं?' असं विचारून तो घरच्यांना भंडावून सोडायचा. दोरा आणि टाचण्या वापरून अंडाकृती वक्र कसे काढायचे, यावर त्यानं चौदाव्या वर्षी निबंध लिहिला. तो एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला, पण वाचला एका प्राध्यापकांनी, कारण लेखक फारच लहान होता!

मोठेपणी मॅक्सवेल म्हणाला, आपला डोळा लाल, हिरवा आणि निळा या तीनच रंगांच्या जोरावर सगळे रंग बघत असेल, तर तीन रंगांच्या प्रकाशातून रंगीत फोटोही बनायला हवा. त्या काळात फोटो म्हणजे नुसता काळा-पांढरा. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं ते करून दाखवलं. थॉमस सटन या छायाचित्रकारानं एकाच वस्तूचे फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळे काढले होते. ते तीन कंदिलांतून, त्याच तीन रंगांच्या प्रकाशात, पडद्यावर एकावर एक पाडले. आणि पडद्यावर रंगीत चित्र उमटलं!

कशाचं चित्र होतं, ओळखा पाहू. टार्टनच्या फितीचं! जगातला असा पहिला रंगीत फोटो चौकडीचा आहे.

आणि यात एक रहस्य शंभर वर्षं दडून बसलं होतं. १८६१ मध्ये फोटो काचेवर काढत, आणि त्या काचा लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल प्रकाश पडला तरी त्यांच्यावर काही उमटतच नसे. मग फितीतला लाल भाग आला कसा? १९६१ मध्ये कोडॅक कंपनीत राल्फ इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधलं. लाल फितीवरून लाल प्रकाशाबरोबर अतिनील किरणही परतत होते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण लाल द्रावणातून ते पार झाले आणि काचेवर ठसा उमटला तो त्यांचा. मॅक्सवेलची कल्पना शंभर टक्के बरोबर होती, पण त्या दिवशी तिला यश मिळवून दिलं ते न दिसणाऱ्या किरणांनी. मॅक्सवेलला हे कधीच कळलं नाही. मला राहून राहून वाटतं, त्याला ते कळायला हवं होतं. किती खूश झाला असता!

आता आईचा किंवा बाबांचा मोबाइल मागून घ्या. पडद्यावर पिवळ्या रंगाचं चित्र लावा, लिंबू किंवा झेंडूचं फूल. बोट ओलं करून पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब सोडा, टाचणीच्या डोक्याएवढा. (चार्जिंगच्या खाचेपासून लांब, आणि लगेच पुसून टाका.) तो थेंब भिंगासारखं काम करतो. वाकून आत बघा. लाल आणि हिरवे बारीक ठिपके शेजारीशेजारी पेटलेले दिसतील. पिवळा एकही नसेल. मग चित्र बदला, पांढरा कागद लावा आणि आता कोणकोणते ठिपके पेटले ते वहीत टिपून ठेवा.